रस्त्यावरचे मृत्यू कमी करायला सरकार नेमकं काय करतं आणि घोडं कुठे अडतं

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. म्हणजे दिवसाला ४६० च्या वर, तासाला १९. हा आकडा कोणाचा अंदाज नाहीये, पोलिसांच्या नोंदींवरून केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानेच छापलेला आहे. त्यात महाराष्ट्रातले १५,२२४, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या खालोखाल आपला तिसरा नंबर. पुढच्या वर्षी देशाचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला. आणि गेलेल्यांमध्ये तीनपैकी दोन जण १८ ते ४५ वयाचे, म्हणजे ज्यांच्या पगारावर घर चालतं, ज्यांची पोरं अजून शाळेत जातात असे.

आता दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं, शाळेच्या पोरांची रॅली निघते, आरटीओ ऑफिसबाहेर फ्लेक्स लागतो, गुलाबाची फुलं वाटली जातात. लोकांना वाटतं सरकारचे प्रयत्न म्हणजे एवढंच. तसं नाहीये, बरंच काही चालू असतं, कायदे झालेत, कोर्टाच्या समित्या आहेत, कोट्यवधी रुपयांचे कॅमेरे लागलेत, अपघातग्रस्तांच्या उपचारांची योजना आली आहे. तरी आकडा हलत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नितीन गडकरींनी लोकसभेत स्वतः सांगितलं की परदेशात परिषदांमध्ये अपघातांचा विषय निघाला की मला तोंड लपवावंसं वाटतं. २०१५ मध्ये ब्राझीलच्या राजधानीत, ब्राझिलियात, रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेत आपण सही करून आलो होतो की २०२० पर्यंत मृत्यू निम्मे करू, ते जमलं नाही, मग तेच २०३० वर गेलं. तर हे सगळं नेमकं कसं चालतं, कशाचा उपयोग होतो आणि कशाचा होत नाही, ते जरा नीट बघूया.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायला हवी. अपघात होणं वेगळं आणि अपघातात माणूस मरणं वेगळं. माणसं चुकणारच, झोप लागते, फोन वाजतो, अंदाज चुकतो, समोरून कुत्रं येतं, पाऊस असतो, हे जगात कुठेही थांबलेलं नाही. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने ठरवलं की चुका होणार हे धरूनच रस्ते बांधायचे आणि चुकीपायी जीव जाणार नाही एवढी जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याने, गाडी बनवणाऱ्याने आणि सरकारनेही घ्यायची. जगभर आता साधारण हाच विचार मानतात. आपल्याकडेही कागदावर मानतात. पण प्रत्यक्षात काय होतं ते कुठल्याही अपघाताच्या फिर्यादीत दिसेल, भाषा ठरलेली असते: "आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून". चालकावर गुन्हा दाखल, विषय संपला. त्या रस्त्याची परिस्थिती नेमकी काय होती, वळणावर कठडा होता का, दिवा होता का, डिव्हायडर कोणी फोडला होता का, हे त्या कागदात येतच नाही. आणि मग वर्षाच्या शेवटी त्याच कागदांची बेरीज होते आणि आकडेवारी सांगते की ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाले. वेग हे कारण खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण एकच कारण लिहायची सवय लागली की बाकीची कारणं दुरुस्त करायला कोणी जात नाही. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय.

वेगाचं गणित

वेगाबद्दल आधी बोलूनच घेऊ कारण त्यातलं साधं गणित बऱ्याच लोकांना कोणी सांगितलेलंच नसतं. गाडी १०० च्या स्पीडने चालली असेल तर एका सेकंदात ती जवळजवळ २८ मीटर जाते. समोर काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यातच एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३०-४० मीटर पुढे. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट पण जोर दीडपटीपेक्षा जास्त. पायी चालणाऱ्याचं तर विचारूच नका, जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडीची धडक ५० च्या ऐवजी ६५ ने बसली तर पायी माणूस मरण्याची शक्यता साडेचार पटीने वाढते. फरक फक्त १५ चा. "अरे थोडीच फास्ट होती" असं आपण म्हणतो ना, त्या थोड्यातच सगळं आहे.

म्हणून वेग कमी करायचे सरकारी उपाय दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे दंड, कॅमेरा, स्पीडगन. दुसरा म्हणजे रस्ताच असा करायचा की माणूस आपोआप हळू होतो, गावाजवळ लेन थोडी अरुंद, रंबलर म्हणजे गाडी थरथरवणारे आडवे पट्टे, चौकात गोल, पायी चालणाऱ्यांसाठी मधे थांबायची जागा. दुसरा प्रकार जास्त टिकतो कारण त्याला पोलिस उभा लागत नाही. आपल्याकडे त्याच्या जागी बहुतेक वेळा गावकरी रास्ता रोको करतात तेव्हा एका रात्रीत एक भलाथोरला गतिरोधक टाकला जातो, त्याला पांढरे पट्टे नाहीत, आधी बोर्ड नाही, आणि मग रात्री बाईकवाले त्याच्यावरच आदळतात.

ब्लॅक स्पॉट म्हणजे काय

देशातल्या एकूण रस्त्यांमध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग मिळून साधारण ५ टक्के, पण जवळपास ६० टक्के मृत्यू त्यांच्यावर होतात. त्यातही सगळीकडे सारखे नाही, ठराविक ठिकाणी. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० माणसं गेली तर त्या जागेला ब्लॅक स्पॉट म्हणतात, आणि ती जागा दुरुस्त करणं त्या रस्त्याच्या मालकाचं काम. मालक म्हणजे कुठे एनएचएआय (केंद्राचं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण), कुठे सार्वजनिक बांधकाम विभाग, कुठे एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते विकास महामंडळ), कुठे महापालिका. दुरुस्तीही दोन टप्प्यांत असते, तात्पुरती म्हणजे बोर्ड, रंबलर, पट्टे, रिफ्लेक्टर, आणि कायमची म्हणजे उड्डाणपूल, अंडरपास, उतार कमी करणं, वळण सरळ करणं. तात्पुरती पटकन होते. कायमचीसाठी पैसे, जमीन, टेंडर, आणि तोपर्यंत वर्षं जातात.

पुण्यातला नवले पूल हे याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. मुंबई-बेंगळुरू हायवेवर साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. उतार काही घाटासारखा अंगावर येत नाही, उलट सरळ आणि रुंद रस्ता, ड्रायव्हरला वाटतं आता गाडी सोडून द्यावी. आणि इथेच डिझेल वाचवायला बरेच जण गाडी न्यूट्रल करतात. भरलेल्या ट्रकचं वजन तीस-चाळीस टनांपर्यंत जातं, गिअरमध्ये असला की इंजिन त्याला मागे ओढून धरतं, न्यूट्रल केलं की ती ओढ गेली, सगळा भार ब्रेकवर आला. ब्रेक सारखे दाबून लायनर तापतात आणि तापले की पकडत नाहीत. इंजिनच बंद केलं असेल तर अजून वाईट, कारण ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. म्हणजे उताराच्या शेवटी, जिथे शहराची गर्दी सुरू होते, सर्व्हिस रोडवरून दुचाक्या आत घुसतात, रिक्षा थांबलेल्या असतात, नेमकं तिथे ट्रकला ब्रेक नाही.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड गाडीने ४८ गाड्या उडवल्या. सगळी सरकारी यंत्रणा जागी झाली, रंबलर आले, कॅमेरे आले, वेगमर्यादा कमी केली, अतिक्रमणं काढली, सर्व्हिस रोडचं काम काढलं. ह्या उपायांनी अपघात कमी झालेही, हे खोटं नाही. पण उतार तसाच राहिला. आणि १३ नोव्हेंबर २०२५ ला परत एक कंटेनर तसाच सुटला, पुढच्या गाड्यांना घेऊन गेला, आग लागली आणि ८ जण गेले. म्हणजे बघा, ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल केली असेल तर ती चूकच, पण तीच चूक त्याच जागी वेगवेगळे ड्रायव्हर वर्षानुवर्षं करत असतील तर चूक जागेचीही आहे. अशा उताराला जगात एक साधा उपाय वापरतात, रस्त्याच्या कडेला वर चढत जाणारी खडी-वाळूची लेन, ब्रेक गेलेली गाडी त्यात घातली की रुतून थांबते. त्याला जागा लागते, आणि शहर हायवेला येऊन चिकटलं की जागाच उरत नाही, म्हणून रस्ता आखतानाच हे करायला हवं असतं.

एक्सप्रेसवेवर काय वेगळं केलं

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साधारण ९५ किलोमीटरचा. २०१६ मध्ये त्यावर १५१ माणसं गेली. त्याच वर्षी एमएसआरडीसी, महामार्ग पोलिस, सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था आणि महिंद्रा कंपनी यांनी मिळून तिथे शून्य मृत्यूचं लक्ष्य ठेवून काम सुरू केलं. २०२० पर्यंत आकडा ६६ वर आला. आता २०२० म्हणजे लॉकडाउनचं वर्ष, ते धरायलाच हवं, पण त्याआधीही आकडा बराच उतरला होता.

केलं काय, तर प्रत्येक जीवघेणा अपघात वेगळा धरून त्याचा मागोवा घेतला. गाडी कुठे घसरली, कशाला धडकली, आतल्या माणसाला इजा कशाने झाली, मदत किती वेळात आली. त्यातून कळलं की नुसत्या वेगाने माणूस मरत नाही, तो वेगाने जाऊन कशाला तरी धडकतो म्हणून मरतो. मग हे "कशाला तरी" म्हणजे काय ते शोधलं. बोर्डाचे उघडे लोखंडी खांब, पुलांचे उघडे कोपरे, कडेचे काँक्रीटचे ठोकळे, गार्डरेलची भाल्यासारखी पुढे आलेली टोकं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या कडेच्या पट्टीवर, कधी कधी लेनमध्येच, उभे केलेले ट्रक. रात्री मागून कार येते, उभा आहे की चालतोय ते कळेपर्यंत बोनेट ट्रकच्या खाली. तर हे खांब-कोपरे झाकले, कठडे लावले, काही ठिकाणी मधे वायररोपचे म्हणजे पोलादी दोरांचे अडथळे टाकले, उभ्या ट्रकांवर कारवाई वाढवली, अँब्युलन्स आणि जखमींना बाहेर काढणारी माणसं जवळ ठेवली. यातलं एकही काम मोठं नाही. कुठल्याही कामाचं भूमिपूजन होत नाही, फीत कापायला मंत्री येत नाही. पण माणसं यानेच वाचली. नंतरच्या काही वर्षांत आकडा परत थोडा वर गेला, कारण असं काम एकदा करून सोडून देता येत नाही, कठडा तुटतो, ट्रक परत उभे राहायला लागतात. २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आलीय, ती लेन तोडणं, बेल्ट न लावणं, वेग, सगळं टिपते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर मात्र आपण हाच धडा उशिरा गिरवला. ७०१ किलोमीटरचा रस्ता, नागपूर ते शिर्डीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, कारला १२० ची परवानगी, रस्ता सरळ आणि रिकामा, आणि सुरुवातीला वाटेत धड पेट्रोल पंप नाही, चहा प्यायला जागा नाही, ट्रक लावायला जागा नाही. तासनतास एकसारखा रस्ता बघून डोळे उघडे असतात पण मेंदू झोपतो, हे ड्रायव्हर लोक आधीपासून सांगत होते. टायरचंही तसंच, जुना घासलेला टायर, हवा कमी-जास्त, विदर्भातलं ऊन, तापलेलं काँक्रीट आणि सलग वेग, मग टायर फुटतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ पुण्याकडे निघालेली ट्रॅव्हल्स उलटली आणि पेटली, २५ जण गेले. बस दरवाज्याच्या बाजूवर पडली होती, म्हणजे दरवाजा जमिनीखाली, काचा फोडून जे निघाले ते वाचले. त्यानंतर टायर तपासणी, वेगात सापडलेल्या ड्रायव्हरांना थांबवून समुपदेशन, थांब्यांची कामं हे सगळं वाढलं. पण स्लीपर बसच्या बाहेर पडायच्या वाटा, काच फोडायचा हातोडा, आपत्कालीन दार, हे रस्त्याच्या वेगमर्यादेइतकंच महत्त्वाचं आहे आणि ते रस्त्यावर नाही तर बसची बॉडी बांधतात तिथे तपासायला लागतं.

बेल्ट, हेल्मेट

३ जून २०१४ ला दिल्लीत कारच्या अपघातात गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रात मंत्री होऊन आठवडाच झाला होता, गाडीत मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली, मागे बसलेले दोघं गेले आणि पुढचे दोघं वाचले. त्याच गाडीत, त्याच धडकेत. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. आणि त्या जागी रस्ता पुलाशी अचानक अरुंद होतो, कठडा पुढे आलेला, हेही तेवढंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

मागच्या सीटचा बेल्ट कशासाठी हे समजून घ्या. गाडी ८० वरून क्षणात शून्यावर येते, तुम्ही मात्र ८० नेच पुढे जात राहता जोपर्यंत काहीतरी अडवत नाही. बेल्ट नसेल तर अडवणारी गोष्ट म्हणजे पुढची सीट, आणि पुढे तुमचीच बायको किंवा भाऊ बसलेला असतो. मागच्या बेल्टचा नियम आधीपासूनच होता, कोणी विचारत नव्हतं. मिस्त्रींच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्ती जाहीर केली. पण काळीपिवळीत आणि टुरिस्ट गाड्यांत मागचे बेल्ट सीटखाली दाबून टाकलेले असतात, ते बाहेर काढून दाखवल्याशिवाय पासिंगच देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हेल्मेटचा आकडा मला सगळ्यात जास्त लागतो. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले, आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेलं म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा कोण, आई, बायको, बहीण, मांडीवर पोर घेऊन, पदर सावरत एका बाजूला बसलेली. चालवणारा पावती फाडतील म्हणून स्वतः घालतो आणि ती तशीच. पुण्यात हेल्मेटसक्तीला विरोध करायला रीतसर समित्या झाल्या, मोर्चे निघाले, मान दुखते, केस जातात, शहरात वेगच कुठे असतो. पण डोकं आपटून मेंदूला मार बसायला ४० चा वेग भरपूर झाला. घ्यायचं तर आयएसआय मार्कचं आणि बक्कल लावून घालायचं, हँडलला अडकवलेल्या किंवा बक्कल न लावलेल्या हेल्मेटचा उपयोग शून्य, ते डोक्याआधी रस्त्यावर जाऊन पडतं.

गाड्यांच्या बाबतीत सरकारने मात्र बरंच केलंय, आणि ते शांतपणे झालं. पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग सक्तीची झाली, १२५ सीसीच्या वरच्या बाईकला एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आली, १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप म्हणजे गाडी आदळून बघून स्टार द्यायची आपली स्वतःची पद्धत सुरू झाली.

दंड वाढवला, मग काय झालं

मोटार वाहन कायद्यातली मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. बिनहेल्मेट १०० चे १,००० झाले, लायसन्स नसताना चालवलं तर ५०० चे ५,०००, पिऊन चालवताना पहिल्यांदा सापडला तर २,००० चे १०,०००. अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला तेव्हा हीच तरतूद लोकांना पहिल्यांदा कळली.

पण यातले बरेचसे गुन्हे कोर्टात न जाता जागेवर मिटवता येतात, आणि ते किती रुपयांत मिटवायचे हे राज्य ठरवतं. गुजरातने त्याच महिन्यात काही रकमा कमी केल्या. महाराष्ट्राने तर तेव्हा अंमलबजावणीच थांबवली, निवडणूक तोंडावर होती, आणि नवे दर लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं. दोन वर्षं.

आणि दंड मोठा असण्यापेक्षा तो नक्की होणार ही खात्री महत्त्वाची असते. ५,००० चा दंड हजारात एकदा होत असेल तर माणूस नशिबावर सोडतो, आणि ५०० चा दर वेळी होत असेल तर दुसऱ्या आठवड्यात सुधारतो. आपल्याकडे ई-चालान येतं, मोबाईलवर फोटोसकट येतं, लोक बघतात आणि पुढे सरकवतात. राज्यात थकलेल्या चालानांची रक्कम हजारो कोटींत आहे. लोकअदालतीत सूट मिळते म्हणून लोक थांबून राहतात. काही गाड्यांवर पन्नास-पन्नास चालानं असतात आणि गाडी तशीच फिरते. तपासणी कुठे होते बघा, शहरातल्या चौकात, सकाळी ऑफिसच्या वेळेला, जिथे वेग वीसचा असतो. मृत्यू होतात संध्याकाळी सहा ते नऊ आणि रात्री, हायवेवर. तिथे पोलिस नसतो.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, कोल्हापूर-सांगली-सोलापूर-नगर भागात, दर हिवाळ्यात हे दिसतं. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि रात्री मागून येणाऱ्याला अंधारात अंधारच दिसतो. उपाय काय तर लाल रिफ्लेक्टरचं कापड. काही शे रुपयांचं काम. आरटीओ आणि कारखाने हंगामाच्या सुरुवातीला मोहीम घेतात, फोटो निघतात, मग कापड चिखलाने माखतं किंवा उसाच्या वाढ्यांखाली झाकलं जातं. गव्हाणीत, म्हणजे ऊस ओतायच्या जागी, ऊस टाकून रिकामी ट्रॉली कारखान्याच्या गेटबाहेर निघताना रिफ्लेक्टर आहे की नाही बघायचं आणि नसेल तर पुढची खेप घ्यायची नाही, एवढा नियम कारखान्याने पाळला तरी दरवर्षी कितीतरी दुचाकीवाले घरी पोचतील.

अपघात झाल्यावरचा एक तास

यात मात्र गेल्या दहा वर्षांत खरंच फरक पडला आहे आणि तो लोकांना माहीत नाही म्हणून वाया जातोय. जखमी झाल्यापासूनच्या पहिल्या तासाला गोल्डन अवर म्हणतात, रक्तस्राव थांबवला, श्वासाची वाट मोकळी केली तर बरेच जण वाचू शकतात. पूर्वी लोक हात लावायला घाबरायचे, पोलिस आपल्यालाच बसवून ठेवतील, कोर्टाच्या तारखा मागे लागतील, हॉस्पिटल आपल्याकडेच पैसे मागेल. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, मग २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलं. आज कायदा असा आहे की तुम्ही जखमीला नेऊन पोचवलं की निघू शकता, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुम्हाला अडवू शकत नाही. उलट गंभीर जखमीला त्या तासात पोचवणाऱ्याला राहवीर योजनेत २५,००० रुपये मिळतात, आधी ते ५,००० होते.

पैशांचं म्हणाल तर ५ मे २०२५ पासून देशभर कॅशलेस उपचारांची योजना लागू आहे. कायद्यात ही तरतूद २०१९ पासून होती पण योजना येईना, शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुदत घालून दिली तेव्हा हललं. रस्ता कुठलाही असो, जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. ठोकून पळून गेलेल्या गाडीने माणूस गेला तर घरच्यांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार, हे २०२२ पासून आहे, पण अर्ज करावा लागतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी अर्ज कोणाकडे द्यायचा हेच बहुतेक कुटुंबांना कोणी सांगत नाही. अंत्यविधीला आलेल्यांपैकी एकाने जरी हे सांगितलं तरी त्या घराला आधार होतो.

मग जबाबदार कोण

याच २०१९ च्या दुरुस्तीत एक कलम आहे, १९८ अ. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरवलेल्या निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. माणसाच्या जीवाला एक लाख म्हणजे फारच कमी, पण निदान रस्त्याचाही दोष असू शकतो हे कायद्याने मान्य केलं. अडचण अशी की ते लावायचं तर पोलिसांना रस्त्याचा दोष ओळखता यायला हवा आणि तो पंचनाम्यात लिहायला हवा. आता पोलिसांकडे अपघाताची नोंद करायचं ॲप आहे, आयआयटी मद्रास आणि एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेने बनवलेलं, त्यात जागेवर उभं राहून लोकेशन, फोटो, रस्त्याची स्थिती भरायची असते आणि तीच माहिती बांधकाम विभाग, आरटीओ आणि आरोग्य खात्याकडे जाते. हे नीट भरलं गेलं तर कुठला खांब झाकायचा, कुठला डिव्हायडरचा तुकडा बंद करायचा हे ऑफिसात बसून दिसेल. पण ठाण्यात माणसं कमी, बंदोबस्त जास्त, आणि बऱ्याचदा रकाने घाईघाईत भरले जातात, कारण "अतिवेग".

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते, त्यात पोलिस, आरटीओ, बांधकाम, एनएचएआय, आरोग्य सगळे एका टेबलावर येतात. तुमच्या गावाजवळ एखादं वळण, एखादा ढाब्यासमोर फोडलेला डिव्हायडर, एखादा अंधारातला उड्डाणपुलाचा फाटा माणसं खात असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावासकट, जागेच्या फोटोसकट, किलोमीटरचा दगड नंबर टाकून अर्ज या समितीकडे द्या आणि पोचपावती घ्या. नुसतं "रस्ता खराब आहे" लिहू नका, कुठल्या महिन्यात किती अपघात झाले ते लिहा आणि ठाण्यातून गुन्हा नंबर मिळाले तर तेही जोडा, कारण ब्लॅक स्पॉट त्याच नोंदींवरून ठरतो. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा मधे काही पडलेलं दिसलं तर १०३३, अँब्युलन्सला १०८, पोलिसांना ११२.